भुलीचे माप आणि क्लोद बेर्नार

घरातील एखादे वडीलधारे माणूस शस्त्रक्रियेसाठी बेळगावच्या रुग्णालयात दाखल झाले, म्हणजे कडोलीहून सोबतीला गेलेल्या मंडळींची पहिली रात्र मोठी अवघड जाते. रोगी जागा, सोबतीचे जागे, आणि उद्या काय होईल ही चिंता सर्वांच्याच उशाशी. अशा वेळी रात्री परिचारिका येते आणि रोग्यास पाण्याच्या घोटाबरोबर एक लहानशी गोळी देते. थोड्याच वेळात आजीचा चेहरा निवळतो, आणि उद्याच्या भीतीने दिवसभर तळमळणारी ती म्हातारी शांत झोपी जाते. आजीला एक रात्रीची झोप मिळावी, एवढाच त्या गोळीचा हेतू असावा, असे जवळ बसलेल्या नातवास वाटते. परंतु सकाळी भूल देणारे डॉक्टर येतात आणि आजीचे वजन, वय, दमा, रक्तदाब यांबरोबरच रात्री कोणती गोळी दिली, किती दिली, केव्हा दिली, हे आवर्जून पाहून घेतात. झोपेच्या गोळीचा आणि आजच्या भुलीचा असा कोणता हिशेब आहे?

हा हिशेब प्रथम ज्यांच्या ध्यानात आला त्यांत फ्रान्समधील एका द्राक्षमळेवाल्याच्या मुलाचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. त्या मुलाचे नाव क्लोद बेर्नार. शरीरशास्त्राच्या इतिहासात त्यांचे नाव यकृतातील साखरेच्या शोधासाठी सांगितले जाते, आणि ते योग्यच आहे. पण विद्यार्थी मित्रहो, आज त्यांचे चरित्र सांगावयाचे ते त्या दुसऱ्या, काहीशा आडबाजूला राहिलेल्या शोधासाठी.

बेर्नार यांचा जन्म १२ जुलै १८१३ रोजी फ्रान्सच्या बोझोले प्रांतातील सँ-झुलियँ या खेड्यात झाला. द्राक्षांच्या वेलींनी झाकलेल्या टेकड्या आणि त्यांच्या कुशीत वसलेले लहानसे गाव, असे ते स्थान. वडिलांचा द्राक्षांचा मळा होता. परंतु व्यापारात त्यांना यश आले नाही आणि घरची स्थिती बेताचीच राहिली. क्लोदला पहिली अक्षरे शिकविली ती गावच्या धर्मगुरूने. पुढे जवळच्या विलफ्रांश येथील शाळेत तो लॅटिन आणि थोडे गणित शिकला. विज्ञान नावाचा विषय त्याच्या शाळेत जवळजवळ नव्हताच. मुलगा अबोल होता, वर्गात चमकणारा नव्हता. शेतकऱ्याच्या घरी जसे होते तसेच तेथेही झाले. शिक्षण पुढे रेटण्यास पैसा पुरेना, आणि १८३२ च्या सुमारास एकोणीस वर्षांच्या क्लोदला लियों शहराच्या उपनगरात मिये नावाच्या औषधविक्रेत्याकडे उमेदवारीस ठेवण्यात आले.

दुकान झाडणे, बाटल्या धुणे, औषधे कुटणे आणि ती गिऱ्हाइकांच्या घरी पोहोचविणे, हे त्याचे काम. या दुकानातील एक गोष्ट तो जन्मभर विसरला नाही. त्या काळी तेरियाक नावाचे एक औषध फार खपत असे. साठाहून अधिक पदार्थ त्यात पडत. सापाचे मांस पडे आणि अफूही पडे. विषबाधेपासून पोटदुखीपर्यंत सर्व रोगांवर ते एकच औषध. मिये यांच्या दुकानात एखादी भुकटी बिघडली, एखादा काढा शिळा झाला, तर तो फेकून देण्याची रीत नव्हती. मालकाच्या आज्ञेवरून तो तेरियाकच्या भांड्यात जाई. अशा रीतीने त्या भांड्यातील औषध दर वेळी निराळे होई, आणि तरीही लोकांना त्याने सारखाच गुण येई! ज्या औषधात काय पडले व किती पडले हे कोणालाच ठाऊक नाही, त्याचा गुण कोणी कसा सांगावा, ही शंका त्या उमेदवाराच्या मनात तेव्हाच रुजली असली पाहिजे. तेरियाकचे भांडे न पाहता बेर्नार इतके काटेकोर झाले असते का, याची मला शंकाच आहे.

मात्र त्या वयात त्याचे चित्त औषधात नव्हते. ते नाटकात होते. फावल्या वेळात त्याने एक लहानसा विनोदी खेळ लिहिला. तो लियोंच्या रंगभूमीवर झाला आणि थोडेबहुत पैसेही मिळाले. मग काय विचारता! त्याने पाच अंकी ऐतिहासिक शोकनाट्य लिहावयास घेतले आणि १८३४ मध्ये ते हस्तलिखित घेऊन पॅरिस गाठले. तेथे सँ-मार्क झिरार्दँ नावाचे मोठे टीकाकार होते. त्यांनी नाटक वाचले आणि तरुणास स्पष्टच सांगितले, की आधी पोटापाण्याचा काही उद्योग शिकावा; औषधांच्या दुकानाचा अनुभव आहेच, तर वैद्यक का शिकू नये? नाटक हा मग फावल्या वेळचा छंद राहील. असा सल्ला मिळाल्यावर पुष्कळ तरुण रागाने घरी परततात. क्लोदने तो मानला.

वैद्यकाच्या विद्यालयातही तो सामान्यच ठरला. १८३९ साली रुग्णालयातील निवासी उमेदवारांच्या स्पर्धा-परीक्षेत एकोणतीस यशस्वी विद्यार्थ्यांत त्याचा क्रमांक सव्विसावा होता. पण या परीक्षेमुळे फ्रांस्वा माझांदी या नामवंत शरीरशास्त्रज्ञाच्या हाताखाली काम करण्याची संधी त्याला मिळाली, आणि सर्व चित्र पालटले. माझांदी स्वभावाने तिखट. पुस्तकातील मतांवर त्यांचा विश्वास नसे. प्रयोगात जे दिसेल तेवढेच खरे, असा त्यांचा बाणा. सव्विसाव्या क्रमांकाच्या या विद्यार्थ्याचे हात शवविच्छेदनात विलक्षण सफाईने चालतात, हे त्यांच्या लगेच लक्षात आले. १८४१ पासून बेर्नार त्यांचे प्रयोगसाहाय्यक झाले आणि १८४३ मध्ये जठररसावरील प्रबंध लिहून त्यांनी वैद्यकाची पदवी मिळविली. दुसऱ्याच वर्षी अध्यापकपदाच्या स्पर्धेत मात्र ते अयशस्वी झाले. गावी परत जाऊन साधी वैद्यकी करावी, असाही विचार त्यांच्या मनात येऊन गेला.

या दिवसांतील एक प्रसंग त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवला आहे. पचनरसाचा अभ्यास करण्यासाठी त्यांनी एका कुत्र्याच्या जठरात चांदीची नळी बसविली होती. कुत्रा रात्रीतून पसार झाला. काही दिवसांनी पोलीस अधिकाऱ्याचे बोलावणे आले. पाहतात तो कुत्रा त्या अधिकाऱ्याचाच! पोटात नळी घेऊन तो आपल्या धन्याकडे परतला होता. बेर्नार यांनी काहीही न लपविता सर्व हकिकत सांगितली, कुत्रा बरा होईल असे आश्वासन दिले, आणि तो खरोखरच बरा झाला. तो अधिकारी पुढे त्यांचा स्नेही झाला व त्याच्या आश्रयामुळे बेर्नार यांना निर्वेधपणे प्रयोग करता आले.

हा प्रसंग गमतीचा खरा, पण त्याच्या मागे एक गंभीर बाजू आहे. बेर्नार यांचे बहुतेक शोध जिवंत प्राण्यांवरील प्रयोगांतून लागले, आणि त्यांतील कितीतरी प्राण्यांना भूल नव्हती. १८४५ मध्ये त्यांचा विवाह फानी मार्तँ हिच्याशी झाला. तिच्याकडून आलेल्या हुंड्यामुळे त्यांचे संशोधन चालू राहिले. परंतु पतीचे प्रयोग तिला कधीच सहन झाले नाहीत. पुढे ती आणि मुली प्राणिरक्षणाच्या कार्यात पडल्या, आणि सुमारे पंचवीस वर्षांच्या संसारानंतर पतिपत्नी विभक्त झाली. बेर्नार यांना श्रेष्ठ शास्त्रज्ञ म्हणून वंदन करताना फानीबाईंचे म्हणणे चुकीचे होते, असे म्हणण्यास माझे मन धजत नाही. आज प्राण्यांवरील प्रयोगांना जी कायद्याची बंधने आहेत, ती अशाच माणसांच्या आग्रहातून आली.

स्वादुपिंडाचा रस स्निग्ध पदार्थ पचवितो. यकृत रक्तात साखर सोडते आणि ती ग्लायकोजेन या रूपात साठवून ठेवते. रक्तवाहिन्यांचे आकुंचन-प्रसरण मज्जातंतूंच्या ताब्यात असते. हे त्यांचे मोठे शोध १८४८ पासून पुढच्या दहा वर्षांतील. त्यांचा विस्तार येथे करीत नाही. माझांदी १८५५ मध्ये वारले आणि त्यांच्या जागी बेर्नार प्राध्यापक झाले. त्यांची प्रयोगशाळा ओलसर व अंधारी होती. त्या ओलीने त्यांची प्रकृती पुढे ढासळली.

आपल्या विषयाशी ज्याचा संबंध आहे तो प्रयोग कुरारे या विषाचा. दक्षिण अमेरिकेतील अरण्यवासी लोक बाणाच्या टोकास हे विष लावून शिकार करीत. बाण लागलेला प्राणी ओरडत नाही, तडफडत नाही. हातपाय गळून तो निमूट मरतो. म्हणून हे मरण सुखाचे, असा लोकांचा समज होता. बेर्नार यांनी एका बेडकाच्या मागील पायांकडे जाणारा रक्तप्रवाह दोऱ्याने बांधून थांबविला, पण पायाचा मज्जातंतू तसाच ठेवला. मग त्यास कुरारे टोचले. विष पुढील अंगात पसरले, मागील पायांत ते पोहोचू शकले नाही. बेडकाचे पुढचे अंग लुळे पडले. आता त्या लुळ्या अंगास चिमटा घेतला, तर हलला तो विष न पोहोचलेला मागचा पाय! याचा अर्थ, चिमट्याची वेदना आत पोहोचत होती. विषाने संवेदना गेली नव्हती; मज्जातंतूंची आज्ञा स्नायूपर्यंत जाण्याची वाट तेवढी बंद झाली होती. स्नायूस थेट विजेचा झटका दिला तर तोही आकसत असे. १८५६ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले. शांत दिसणारे ते मरण वस्तुतः भयंकर होते. न हलणाऱ्या देहात जाणीव जागी राहत होती आणि श्वासाचे स्नायू लुळे पडल्याने प्राणी गुदमरत होता. निश्चल पडलेला देह म्हणजे झोपलेला देह नव्हे, हे त्या बेडकाने शिकविले. हे वाक्य लक्षात ठेवावे. पुढे त्याचे काम पडेल.

आता भुलीकडे वळू. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी अमेरिकेतील बॉस्टन शहरात मॉर्टन याने ईथर हुंगवून रोग्यास शस्त्रक्रियेसाठी बेशुद्ध केले, आणि १८४७ च्या नोव्हेंबरात एडिंबरोच्या सिम्प्सन यांनी क्लोरोफॉर्म वापरात आणला. जगभर आनंदीआनंद झाला. पण तीन महिनेही झाले नव्हते, तोच २८ जानेवारी १८४८ रोजी इंग्लंडमध्ये हॅना ग्रीनर नावाची पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या अंगठ्याचे नख काढण्यासाठी क्लोरोफॉर्म दिला असता काही मिनिटांतच मरण पावली. पंधरा वर्षे, म्हणजे आपल्या दहावीच्या वर्गातील विद्यार्थिनीचे वय. आणि निमित्त नखाचे. त्यानंतर असे मृत्यू अधूनमधून होतच राहिले. रोगी झोपेल एवढा क्लोरोफॉर्म आणि हृदय थांबेल एवढा क्लोरोफॉर्म, या दोन मापांत अंतर फार थोडे होते. कमी दिले तर रोगी सुरीखाली जागा होणार, अधिक दिले तर उठणारच नाही. भूल देणारा माणूस जणू अरुंद बांधावरून चालत होता, आणि दोन्ही बाजूंस पाणी होते.

१८६४ साली बेर्नार यांच्यासमोर प्रयोगातील एक कुत्रा क्लोरोफॉर्मच्या गुंगीतून बाहेर येत होता. त्यास त्यांनी मॉर्फीन टोचले. मॉर्फीन म्हणजे अफूतील मुख्य सत्त्व. तेरियाकच्या भांड्यातील अफूची ही शुद्ध केलेली, तोलून देता येणारी लेक! कातडीखाली औषध टोचण्याची पिचकारी दहा-अकरा वर्षांपूर्वीच निघाली होती, आणि ती काढणाऱ्यांपैकी एक प्रावाझ हे बेर्नार यांच्या त्या जुन्या लियों शहरातीलच. असो. मॉर्फीन टोचताच एक आश्चर्य घडले. नव्याने क्लोरोफॉर्म न देताही कुत्रा पुन्हा पूर्ण बेशुद्ध झाला. एकट्या मॉर्फीनने अशी भूल येत नाही, हे त्यांना ठाऊक होते. मग हे कसे झाले?

त्यांनी लावलेला अर्थ आपल्याला पाण्याच्या हौदाच्या दृष्टांताने समजेल. हौद भरून वाहू लागण्यास ठरावीक पाणी लागते. क्लोरोफॉर्म श्वासावाटे बाहेर पडत होता, म्हणजे हौदातील पाणी ओसरत होते. पण ते सर्वच ओसरले नव्हते. एकट्याने निरुपयोगी ठरलेली ती उरलेली मात्रा मॉर्फीनची जोड मिळताच पुरेशी ठरली. मग त्यांनी प्रयोग उलटा केला, आणि खरी गंमत येथे आहे. कुत्र्यास आधी मॉर्फीन देऊन शांत केले आणि मागून क्लोरोफॉर्म दिला. एरवी लागे त्याहून पुष्कळ कमी क्लोरोफॉर्ममध्ये तो बेशुद्ध झाला. सुरुवातीची धडपडही कमी झाली, आणि गुंगी अधिक वेळ टिकली. ज्या औषधाच्या थोड्याशा आधिक्याने मृत्यू येत होता, तेच आता कमी लागू लागले. बांध रुंद झाला!

हा मान एकट्या बेर्नार यांचा मात्र नव्हे. साधारण त्याच सुमारास म्युनिकमधील नुसबाऊम या शल्यवैद्याने लांबलेल्या शस्त्रक्रियेत रोग्यास मॉर्फीन टोचले असता त्याची क्लोरोफॉर्मची झोप लांबल्याचे पाहिले होते. नुसबाऊम यांनी ते रोग्यावर पाहिले, बेर्नार यांनी त्याचे कारण प्रयोगाने शोधले. १८७२ मध्ये पॅरिसचे शल्यवैद्य लाब्बे यांनी बेर्नार यांची रीत रुग्णांवर वापरून तिचा वृत्तान्त दिला. बेर्नार यांचे शिष्य दास्त्र यांनी पुढे मॉर्फीनच्या जोडीला अॅट्रोपीन घालून पाहिले. त्याने लाळ आटते आणि हृदयाची गती अकस्मात मंदावत नाही. भुलीच्या आधी शामक औषध देण्याच्या प्रथेची पायाभरणी ही अशी झाली.

क्लोरोफॉर्मचा प्रश्न आपल्या दख्खनमध्येही गाजला, हे पुष्कळांना ठाऊक नसते. १८८८ आणि १८८९ साली हैदराबाद येथे निजामाच्या आश्रयाने क्लोरोफॉर्म आयोग बसले होते. त्या वेळी मराठवाडाही निजामाच्याच राज्यात होता. एडवर्ड लॉरी या सर्जनांचा आग्रह असा, की क्लोरोफॉर्मने आधी श्वास थांबतो, हृदय नव्हे. म्हणून श्वासावर लक्ष ठेवले की पुरे. शेकडो प्राण्यांवर प्रयोग झाले. पण वाद मिटला नाही. १९११ मध्ये लेव्ही नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी दाखवून दिले, की क्लोरोफॉर्मची भूल उथळ असताना अॅड्रेनालीन या द्रव्याने हृदयाचे ठोके एकाएकी विस्कळीत होऊन मृत्यू येऊ शकतो. अॅड्रेनालीन भीतीने वाढते, हे आपण शाळेत शिकतो. नखासाठी घाबरलेल्या हॅना ग्रीनरला नेमके काय झाले यावर आजही तज्ज्ञांत एकमत नाही; परंतु रोग्याची भीती घालविणे हे केवळ दयेचे काम नसून प्राणरक्षणाचेही आहे, एवढे त्यानंतर स्पष्ट झाले.

पुन्हा बेर्नार यांच्याकडे येऊ. १८६० नंतर त्यांची प्रकृती वारंवार बिघडू लागली. १८६१ मध्ये त्यांनी आपल्या जन्मघराशेजारचे मोठे घर आणि द्राक्षमळा विकत घेतला होता. दर वर्षी द्राक्षांच्या तोडणीच्या हंगामात ते गावी जात. दुखणे वाढल्यावर तेथेच विश्रांती घेताना त्यांनी प्रायोगिक वैद्यकाच्या तत्त्वांवरील आपला सुप्रसिद्ध ग्रंथ लिहिला; तो १८६५ मध्ये निघाला. त्यांचे मन खचू नये म्हणून लुई पाश्चर यांनी १८६६ साली वृत्तपत्रात त्यांच्या कार्याचा गौरव करणारा लेख लिहिला. एका थोर शास्त्रज्ञाने दुसऱ्या आजारी शास्त्रज्ञासाठी असे करावे, ही गोष्ट मला त्यांच्या कोणत्याही पदवीहून मोठी वाटते. पदव्याही आल्याच, १८६८ मध्ये फ्रेंच अकादमीत निवड झाली आणि १८६९ मध्ये सम्राट तिसऱ्या नेपोलियनने त्यांना सिनेटचे सभासद केले.

शुद्धिहारक द्रव्यांवरील त्यांची व्याख्याने १८७५ मध्ये ग्रंथरूपाने निघाली. या विषयातील त्यांचा सर्वांत मनोहर प्रयोग लाजाळूच्या झाडावरचा. बांधावरच्या लाजाळूला बोट लावून तिची पाने मिटविण्याचा खेळ आपण सर्वांनी खेळला आहे. बेर्नार यांनी लाजाळूचे रोप काचेच्या हंडीखाली ईथरच्या वाफेत ठेवले. थोड्या वेळाने स्पर्श केला, तर पाने मिटेनात! हंडी काढून मोकळी हवा दिली, आणि रोप पुन्हा पूर्ववत लाजू लागले. भूल ही केवळ मेंदूवर नव्हे, तर सजीव पेशीवरच चालते, असा निष्कर्ष त्यांनी काढला. पेशीतील द्रव्य भुलीने काही काळ गोठल्यासारखे होते, अशी उपपत्तीही त्यांनी मांडली. ती मात्र पुढे टिकली नाही. प्रयोग टिकला, उपपत्ती गेली. आपली कल्पना चुकली तरी प्रयोगातील घटना खोटी होत नाही, हे त्यांचेच शिकवणे होते.

१० फेब्रुवारी १८७८ रोजी पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले. फ्रान्सच्या सरकारने त्यांचा अंत्यविधी राष्ट्रीय इतमामाने केला. शास्त्रज्ञाला असा मान त्या देशात प्रथमच मिळत होता.

त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात, म्हणजे बेर्नार यांना जाऊन सहा महिनेही झाले नव्हते तेव्हा, ग्लासगोमध्ये मॅक्युएन या शल्यवैद्याने भुलीच्या इतिहासात एक नवी गोष्ट केली. एका रोग्याच्या जिभेच्या बुडाशी अर्बुद होते. ते कापताना रक्त श्वासनलिकेत उतरण्याचा धोका होता. तोपर्यंत अशा वेळी गळ्यास बाहेरून छेद देऊन नळी घालीत. मॅक्युएन यांनी छेद न देता, बोटाने चाचपून, तोंडावाटे श्वासनलिकेत नळी घातली आणि तिच्यातून क्लोरोफॉर्म दिला. नळी घालताना रोगी जागा होता! त्याला आधीपासून सराव देऊन ती सहन करण्यास शिकविले होते. आपल्या घशात दात घासताना ब्रश थोडा आत गेला तरी काय होते, ते आठवावे, म्हणजे त्या माणसाच्या धैर्याची कल्पना येईल.

घसा हा शरीराचा मोठा जागरूक पहारेकरी आहे. परका पदार्थ येताच तो खोकतो, ओकारी काढतो, आणि वेळ पडल्यास स्वरयंत्राचे दार घट्ट मिटून घेतो. भूल दिल्यावर जीभ मागे पडून श्वासाची वाट अडते, म्हणून काही तरी साधन घशात घालावेच लागते. आणि ते घालावे, तर हा पहारेकरी आडवा येतो. तेव्हा साधन घालण्यापुरती त्याला झोप लावणे आले. येथे बेर्नार यांचे दोन्ही शोध उपयोगास आले. कुरारेचा शुद्ध केलेला अर्क २३ जानेवारी १९४२ रोजी माँट्रियल येथे ग्रिफिथ आणि त्यांच्या सहकारी जॉन्सन यांनी भूल दिलेल्या रोग्यास देऊन स्नायू सैल करून दाखविले. तेव्हापासून स्नायू सैल करणाऱ्या औषधांच्या साहाय्याने श्वासनलिकेत नळी घालणे सोपे झाले. मात्र बेडकाचा तो धडा येथे विसरून चालत नाही. स्नायू सैल झाले म्हणजे रोगी झोपला असे नव्हे. झोपेचे औषध वेगळे आणि पुरेसे द्यावेच लागते.

१९८१ मध्ये लंडनमधील डॉक्टर आर्ची ब्रेन यांनी आणखी एक साधन योजले. नळीच्या टोकाशी लहानशा वाटीसारखी, कडेने हवा भरून फुगणारी गादी बसविलेली असते. ती श्वासनलिकेत जात नाही. स्वरयंत्राच्या तोंडाशी मुखवट्यासारखी बसते. त्यामुळे तिला स्वरयंत्राचा मुखवटा असेच नाव मिळाले. तो बसविण्यास स्नायू सैल करणारे औषध बहुधा लागत नाही. सर्व भार पडतो तो झोपेच्या इंजेक्शनावर. आज त्यासाठी प्रोपोफॉल हे दुधासारखे पांढरे औषध शिरेतून देतात. घशाच्या पहारेकऱ्यास गप्प करण्याचा गुण त्यात चांगला आहे. निरोगी प्रौढास दर किलो वजनामागे साधारण २ ते २.५ मिलिग्रॅम, म्हणजे ५० किलोच्या माणसास १०० ते १२५ मिलिग्रॅम, असे त्याचे माप पुस्तकात दिलेले असते. यात उणे पडले, तर मुखवटा बसविताना रोगी खोकतो, दात आवळतो, क्वचित स्वरयंत्र मिटून श्वासच कोंडतो. अधिक झाले, तर रक्तदाब घसरतो आणि श्वास काही काळ थांबतो. म्हाताऱ्या व अशक्त माणसास हा घसरता रक्तदाब झेपत नाही. हॅना ग्रीनरच्या काळातील बांध आता पुष्कळ रुंद झाला आहे, तरी तो बांधच आहे.

म्हणूनच आधी दिलेल्या शामक औषधाचे महत्त्व. मिडाझोलामसारखे चिंताहारक औषध किंवा मॉर्फीनच्या कुळातील वेदनाशामक आधी दिले असेल, तर तोच मुखवटा त्याच रोग्यास कमी प्रोपोफॉलमध्ये बसतो. दोन औषधांची नुसती बेरीज होत नाही. एकमेकांच्या साहाय्याने ती बेरजेहूनही अधिक काम करतात. १८६४ च्या त्या कुत्र्याने दाखविलेला नियम आज औषधे पार बदलली तरी चालू आहे. अर्थात प्रत्येक शामकाची किंमत असते. शस्त्रक्रिया लहान असेल, तर रोगी उशिरा शुद्धीवर येतो आणि घरी जाण्यास विलंब होतो. श्वासाचा विकार असलेल्यास किंवा अतिवृद्धास ते धोक्याचेही ठरते. म्हणून आज ही गोळी सर्वांनाच सरसकट देत नाहीत. कित्येक रोग्यांची भीती डॉक्टरांच्या चार शब्दांनीच जाते, आणि ते शामक कोणत्याही बाटलीत मिळत नाही.

आजीजवळ बसलेल्या नातवाने एवढे समजून घेतले, तर सकाळी येणाऱ्या डॉक्टरांना तो अधिक चांगली उत्तरे देईल. आजी घरी झोपेसाठी रोज एखादी गोळी घेते का, आजोबांना दारूची सवय आहे का, गावच्या दुकानातून आणलेली कसली पुडी चालू आहे का, या गोष्टी पुष्कळ घरांत संकोचाने झाकून ठेवतात. भुलीचे माप या प्रत्येक गोष्टीने बदलते. डॉक्टर ते सर्व कागदावर टिपतात, रात्रीच्या गोळीची वेळ पाहतात आणि मग आजीस आत नेतात. आत गेल्यावरही पुस्तकातील पूर्ण माप ते एकदम देत नाहीत. पिचकारीतील ते पांढरे औषध थोडे थोडे आत जाते, डॉक्टरांचे बोट आजीच्या नाडीवर असते, आणि जबडा सैल झाला की नाही हे पाहून ते हात थांबवितात. पिचकारीत पुष्कळदा काही औषध शिल्लक राहते.